लॅपटॉपच्या निविदेत एक ओळ वाढवा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा, कॉलेजं, पतसंस्था, दवाखाने आणि कार्यालयांच्या संगणक खरेदी समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नौपाड्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्यापैकी काही संस्थांचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, माझ्याकडे आहे, आणि काहींच्या ऑफिसात मी महिन्यातून एकदा ठाण्याहून पनवेल लोकल पकडून चक्कर मारतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून सगळीकडे नव्या लॅपटॉपची खरेदी निघाली आहे. गेल्या काही महिन्यांत अशा खरेदीचे चार-पाच कागद माझ्या नजरेखालून गेले. प्रत्येकात स्टोरेजपुढे, म्हणजे डेटा जिथे साठतो त्या ड्राइव्हपुढे, एवढंच लिहिलेलं होतं: ‘५१२ जीबी एसएसडी’. ही ओळ अपुरी आहे. तिच्यामुळे दोन-तीन वर्षांनी काय होतं, ते माझ्या टेबलावर येतं. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन लॅपटॉप आले. पहिला एका ज्युनिअर कॉलेजच्या मॅडमचा. संस्थेने दिलेला, दीड वर्षाचा, पातळ आणि हलका. कळव्याहून येताना रिक्षातून उतरून स्टेशनचा जिना गाठेपर्यंत त्या भिजल्या आणि बॅगेच्या चेनमधून पाणी आत गेलं. लॅपटॉप चालू आहे का बघावं म्हणून त्यांनी स्टाफरूममध्ये तो चार्जिंगला लावला. कुणीही हेच केलं असतं. मी खालचं कव्हर उघडलं तेव्हा चार्जिंगच्या आयसीभोवती हिरवट पांढरा थर जमलेला होता. मदरबोर्ड धुतला, वाळवला, मीटर लावून शॉर्ट शोधत गेलो. दोन कपॅसिटर काढले तरी शॉर्ट तसाच. शेवटी प्रोसेसरचीच लाइन गेलेली निघाली. म्हणजे बोर्ड गेला.

असं झालं की आम्ही गिऱ्हाइकाला एक वाक्य ठरलेलं सांगतो: बोर्ड गेला तरी तुमचा डेटा सुखरूप आहे. त्या दिवशी ते मला म्हणता आलं नाही. स्टोरेजची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली होती, पत्र्याच्या झाकणाखाली, प्रोसेसरपासून बोटभर अंतरावर. बोर्डाबरोबर तीही अडकली.

“दादा, निदान मार्कांची फाईल तरी मिळेल का?” मॅडमनी विचारलं.

चिप हॉट एअरने उचलता येते. खास जिगवर, म्हणजे चिप धरून वाचणाऱ्या साच्यावर, बसवून वाचायचा प्रयत्नही होतो. पण हे काम डेटा रिकव्हरीच्या लॅबचं, गॅरंटी कसलीच नाही, आणि खर्च ऐकून कॉलेजच्या ऑफिसने फोनवरच नको म्हटलं. शिवाय डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेला होता. लॅपटॉप वाटण्याआधी पुरवठादाराच्या माणसाने कुठल्या अकाउंटने सेटअप केला होता ते कुणालाच आठवेना, त्यामुळे ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी कीही हातात नव्हती. मॅडमनी कपाटातले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत काढले आणि तीन तुकड्यांचे मार्क पुन्हा भरले. त्यात त्यांचे आठ दिवस गेले. सहा वर्षं जमवलेल्या प्रश्नपत्रिका आणि नोट्स मात्र अजून मिळालेल्या नाहीत.

दुसरा लॅपटॉप कोपरखैरणेच्या एका पतसंस्थेचा. कीबोर्डवर चहा सांडला होता. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा वाईट, चिकटून बसतं आणि बोर्ड खात राहतं. हाही बोर्ड गेला होता. पण कव्हर उघडल्यावर समोर एम-डॉट-टू स्लॉट, म्हणजे ड्राइव्ह बसवायची खाच, होती आणि त्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी. तिला एकच बारका स्क्रू असतो. तो काढला की पट्टी आपोआप एका बाजूने वर उचलली जाते, मग दोन बोटांत धरून ओढायची. ती मी यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली आणि दुकानातल्या मशीनला जोडली. रिकव्हरी की त्यांच्या मॅनेजरांनी छापून फाईलला लावून ठेवली होती. ती टाकली आणि सगळे फोल्डर जसेच्या तसे समोर आले. अकाउंटंट चहा पिऊन येतो म्हणून खाली गेले होते, ते परत यायच्या आत कॉपी सुरूही झाली होती.

दोन्ही लॅपटॉपच्या खरेदीच्या कागदावर शब्द तेच होते. ५१२ जीबी एसएसडी.

बॅकअप घ्यायला हवा होता, हे मला मान्य आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगतो. पण शाळेतल्या शिक्षकांना बॅकअपसाठी वेगळी डिस्क कोण देतं? संस्था देत नाही, आणि स्वतःच्या पगारातून घ्या म्हणणं बरोबर नाही. वस्तूच अशी घ्यावी की एक चूक झाली तर सगळंच बुडणार नाही. ते आपल्या हातात आहे.

मी या धंद्यात आलो २६ जुलै २००५ च्या पुरानंतर. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि ठाणे जिल्ह्यातही ठिकठिकाणी तळमजल्यांवर पाणी भरलं होतं. ज्या काकांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांच्या दुकानाबाहेर पुढचे दोन महिने चिखलाने भरलेल्या सीपीयूंची रांग होती. काकांची पहिली सूचना एकच असे: आधी डिस्क काढ, मग बाकीचं बघू. सगळ्या डिस्क वाचल्या नाहीत. ज्यांच्या आत पाणी शिरलं त्या गेल्या. पण बऱ्याच कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय मेला होता आणि डिस्क धड होती. ती दुसऱ्या मशीनला लावली की दुकानदारांची खाती, डॉक्टरांच्या पेशंटच्या नोंदी, कुणाच्या लग्नाचे फोटो परत मिळत. डिस्क वेगळी निघत होती म्हणूनच ते जमलं.

आता कंपन्यांचं म्हणणं असं की लॅपटॉप पातळ हवा तर स्लॉटला जागा उरत नाही. हे कारण मी खूप वर्षं ऐकतो आहे, आणि एके काळी त्यात तथ्य होतं. जुनी अडीच इंची ड्राइव्ह सात सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब, आणि बारीक म्हटली तरी साधारण सात मिलिमीटर जाड. ती पातळ मशीनमध्ये बसत नव्हती हे खरं. म्हणून २००९ मध्ये एमसाटा नावाचं छोटं कार्ड आलं आणि मग एम-डॉट-टू. एम-डॉट-टूच्या पट्टीवर २२८० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ म्हणजे लांबी ४२, आणि २२३० म्हणजे फक्त ३०, साधारण टपालाच्या तिकिटाएवढी.

हा बदल आपल्याकडे किती रेंगाळला, ते मला चांगलं आठवतं. २०१६-१७ च्या सुमाराला असे कितीतरी लॅपटॉप येत, ज्यांत एम-डॉट-टूचा स्लॉट रिकामा आणि शेजारी एक टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. मालकाला स्लॉट आहे हे माहीतच नसे. मशीन चालू व्हायला तीन-चार मिनिटं लागत, आणि लोक प्रोसेसरला दोष देत. असं का व्हायचं? खरेदीच्या कागदावर ‘१ टीबी’ लिहिलेलं असे आणि १२८ जीबीची एसएसडी आकड्यात लहान दिसे. समितीने मोठा आकडा मागितला, कंपनीने मोठा आकडा दिला. चांगली वस्तू तयार असून ती आपल्या टेबलांपर्यंत यायला जी वर्षं लागली, त्यातली काही आपल्या कागदांनी खाल्ली. आज ‘५१२ जीबी एसएसडी’ लिहून आपण तेच पुन्हा करतो आहोत.

जागेच्या कारणाकडे परत येतो. मायक्रोसॉफ्टचा २०१७ चा सरफेस लॅपटॉप इतका चिकटवून बंद केलेला होता की आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या कंपनीने त्याला दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी शून्य गुण दिले. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच मालिकेतल्या तिसऱ्या लॅपटॉपात काढता येणारी २२३० एसएसडी आली आणि गुण पाचवर गेले. लॅपटॉप पातळ तो पातळच राहिला.

आणि आता तर २२३० सुद्धा मोठी वाटावी अशा वस्तू तयार आहेत. २०१९ मध्येच जपानच्या तोशिबा मेमरीने, म्हणजे आजच्या कायोक्सियाने, एक्सएफएम एक्सप्रेस नावाची ड्राइव्ह दाखवली. १४ बाय १८ मिलिमीटर, जाडी १.४ मिलिमीटर. ती बोर्डावरच्या छोट्या सॉकेटात बसते, झाकण उघडायचं, बदलायची, झाकण लावायचं. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेकने २०२१ मध्ये या प्रकाराचं मानकही प्रसिद्ध केलं. २०२५ मध्ये चीनच्या बायविन कंपनीने मिनी एसएसडी आणली, १५ बाय १७ मिलिमीटर, मोबाईलच्या सिमसारखी ट्रेमध्ये ठेवून आत सरकवायची. वाचनाचा वेग सेकंदाला ३७०० एमबीपर्यंत. जुन्या साटा जोडाची एसएसडी साधारण ५५० च्या पुढे जात नाही आणि आपली बहुतेक ऑफिसं तिच्यावरही खूश असतात, यावरून अंदाज घ्या.

अंगठ्याच्या नखाएवढी ड्राइव्ह तयार असताना ‘जागा नाही’ हे कारण मला पटत नाही. तरीही या दोन नव्या प्रकारांतली एकही ड्राइव्ह असलेला लॅपटॉप आजवर माझ्या टेबलावर आलेला नाही.

हे प्रकार का अडले, त्याची कारणं मला दिसतात ती सांगतो. सॉकेट बोर्डावर बसवलं नाही तर ड्राइव्ह विकली जात नाही, आणि ड्राइव्ह बाजारात नाही म्हणून कंपनी सॉकेट बसवत नाही. सरळ चिप सोल्डर केली की सॉकेटचे पैसे वाचतात आणि जुळणीतलं एक काम कमी होतं. शिवाय ग्राहकाला पुढे जागा वाढवता येणार नसेल, तर तो घेतानाच महाग मॉडेल घेतो. दुकानदाराचंही तसंच. लॅमिंग्टन रोडला २२८० मागा, दहा जण काउंटरवर ठेवतील. २२४२ मागितली की “उद्या या” ऐकायला मिळतं. जे खपतं तेच तो ठेवणार, त्याला दोष नाही.

पण ही गाठ कशी सुटते तेही आपण पाहिलं आहे. २०२२ मध्ये स्टीम डेक नावाचं हातात धरून खेळायचं गेमिंग मशीन आलं. त्यात २२३० होती. लोकांना जागा वाढवायची होती, त्यांनी मागणी केली, आणि जी ड्राइव्ह तोवर जवळपास फक्त कंपन्यांनाच मिळायची ती मोठ्या ब्रँडच्या डब्यात दुकानात आली. आज मला २२३० मिळते ती त्या खेळणाऱ्या पोरांमुळे. मायक्रोएसडी एक्सप्रेस या वेगवान कार्डाचंही तेच. जाहीर झालं २०१९ मध्ये, पण दुकानात दिसायला लागलं २०२५ मध्ये, निन्टेन्डो या गेम कंपनीने आपल्या स्विच २ या मशीनसाठी तेच कार्ड लागेल असं ठरवल्यावर. एकगठ्ठा मागणी करणारा कुणीतरी लागतो.

आपल्या भागात लॅपटॉपची एकगठ्ठा मागणी करणारे तुम्ही आहात. माझ्याकडे एकेकटा येणारा माणूस कंपनीला अट घालू शकत नाही. तो मॉलमध्ये जातो, जे ठेवलंय त्यातून घेतो. तुम्ही एका वेळी चाळीस, शंभर, दोनशे मशीन घेता. तुमच्या कागदावर अट असेल तर पुरवठादाराला ती वाचावी लागते, आणि तो ती वर कळवतो.

पतसंस्था आणि दवाखान्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा, कारण तिच्याबद्दल समितीत कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. स्टोरेज बोर्डाला चिकटलेलं असेल तर लॅपटॉप दुरुस्तीला देताना तुम्ही सभासदांची केवायसी, पेशंटचे रिपोर्ट, सगळं त्याच्यासोबत देता. माझ्यासारख्या अनोळखी माणसाच्या दुकानात ते चार दिवस पडून असतं. वॉरंटीत बोर्ड बदलला तर जुना बोर्ड कंपनीकडे जातो, त्यावरच्या चिपसकट. ड्राइव्ह काढता येत असेल तर ती तुमच्या कपाटात ठेवा आणि मशीन पाठवा. मोठ्या कंपन्या वॉरंटीत बिघडलेली ड्राइव्ह ग्राहकाकडेच ठेवण्याची सोय जास्तीचे पैसे घेऊन देतात, ती अवश्य घ्या. लॅपटॉप भंगारात काढतानाही हाच प्रश्न येतो. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे, तो लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतो. ड्राइव्ह हातात असेल तर ती पुसून, गरज पडली तर फोडून टाकता येते. बंद पडलेल्या बोर्डावरची चिप पुसणार कशी?

सॉकेट कुठल्याही प्रकारचं चालेल असं मात्र नाही. ॲपलच्या २०१० च्या मॅकबुक एअरमध्ये ड्राइव्ह निघायची, पण तिचा जोड ॲपलचा स्वतःचा होता. तशी ड्राइव्ह शोधता शोधता मी आणि माझा गिऱ्हाईक दोघेही थकलो आहोत. बायविनची मिनी एसएसडी मला मनापासून आवडली, पण ती सध्या एका कंपनीची वस्तू आहे. तिच्यासारखी दुसऱ्या कंपन्यांनी बनवली, तिला मानक मिळालं, की मी स्वतः तिची शिफारस करीन. तोवर जेडेकचं मानक असलेली किंवा एम-डॉट-टूच्या कुठल्याही मापाची ड्राइव्ह मागा. एकाच कंपनीकडे मिळणारा भाग पाच वर्षांनी मिळेलच, याची खात्री नसते.

छोट्या ड्राइव्ह तापतात आणि तापल्या की वेग कमी करतात, हा आक्षेप खरा आहे. पण टॅली, एक्सेल, हजेरी आणि वर्गातलं प्रेझेंटेशन यांना त्याने काही फरक पडत नाही. व्हिडिओ एडिटिंगसाठी चार मशीन घेत असाल तर ती वेगळी घ्या, त्यात २२८० मागा.

सरकारी नियम येईपर्यंत थांबू या, असंही कुणी म्हणेल. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना त्याचे दुरुस्तीचे गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं आणि २०२५ मध्ये दुरुस्तीच्या गुणांबद्दल समितीचा अहवालही आला. पण त्यात सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून आहे. लॅपटॉपचा नंबर लागेपर्यंत तुमची ही खरेदी होऊन गेलेली असेल, आणि ती मशीन पुढची पाच-सहा वर्षं वापरायची आहेत.

म्हणून निविदेत किंवा कोटेशन मागवताना स्टोरेजच्या रकान्यात हे उतरवून घ्या:

‘५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. ड्राइव्ह मदरबोर्डवर सोल्डर केलेली नसावी. ती एम-डॉट-टू २२८०, २२४२, २२३० किंवा अन्य खुल्या मानकाच्या सॉकेटमध्ये असावी, साध्या स्क्रूड्रायव्हरने काढता यावी आणि ती काढल्यामुळे वॉरंटी बाद होऊ नये.’

यातलं एनव्हीएमई म्हणजे एसएसडीचा वेगवान प्रकार. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डावर सोल्डर केलेली साधी स्टोरेज चिप असते, तीही या अटीत आपोआप गळेल. ती गळायलाच हवी. विंडोज ११ ला किमान ६४ जीबीच लागतात, म्हणजे त्या मशीनमध्ये पुढच्या अपडेटना फारशी जागाच उरत नाही. लॉकडाऊनमध्ये मुलांना दिलेले असे कितीतरी लॅपटॉप माझ्याकडे अपडेट अडकलेल्या अवस्थेत आले. चिप बदलता येत नव्हती, मी काही करू शकलो नाही.

मशीन हातात आल्यावर दोन कामं त्याच दिवशी करा. सेटअप पुरवठादाराच्या माणसाच्या अकाउंटने होऊ देऊ नका, संस्थेच्या अकाउंटने करा. आणि प्रत्येक मशीनची रिकव्हरी की छापून सिरीयल नंबरसह फाईलला लावा. त्या पतसंस्थेच्या मॅनेजरांनी हे केलं होतं म्हणून त्यांचा डेटा निघाला. नाहीतर ड्राइव्ह हातात येऊनही कुलूप तसंच राहिलं असतं.

एखादं मॉडेल अटीत बसतं का, हे कसं कळायचं? मोठ्या कंपन्यांचे सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर असतात. त्यात एसएसडी काढण्याचं पान चित्रासह असेल तर ती निघते. पान नसेल तर पुरवठादाराकडून लेखी मागा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी कोटेशनमधला पूर्ण मॉडेल नंबर घेऊन दुकानात यावं. नुसतं मालिकेचं नाव चालणार नाही, एकाच मालिकेत एक मॉडेल स्लॉटचं आणि दुसरं सोल्डरचं असू शकतं. मी मॅन्युअल उघडून दाखवीन, त्याचे पैसे घेणार नाही. रविवारी दुकान बंद असतं, बाकी रोज संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो.

मॅडमचा तो बोर्ड अजून माझ्या खणात आहे. त्यांच्याकडून पैसे घेतले नव्हते, म्हणून त्यांनी तो परत नेला नाही. तशी चिप वाचायचं जिग कुणाकडे असेल तर मला कळवा. लॅपटॉप कुणाच्या अकाउंटने सेट झाला होता त्याचा शोध कॉलेजच्या ऑफिसात अजून चालू आहे, रिकव्हरी की सापडली तर प्रश्नपत्रिका तरी निघतील.

कळावे,

आपला नम्र,
एक लॅपटॉप दुरुस्तीवाला
नौपाडा, ठाणे